शेवटचे जोडपान

आमच्या घरात सकाळचा उजेड थेट येत नाही. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक रुंद काचेची खिडकी आहे. सूर्य आधी तिच्याकडे जातो, तिथे थोडा रेंगाळतो, आणि मग तिने वापरून झालेला, किंचित फिका पडलेला उजेड आमच्याकडे येतो. तो प्रथम दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर उमटतो. तिथल्या जुन्या रंगाला पोपडे आले आहेत. एकेका पोपड्याची कड उजळते आणि त्याच्या खाली केसाएवढी सावली पडते. नंतर तो भिंतीवरून उतरू लागतो, इतका सावकाश की एकटक पाहिले तर तो हलत नाही असेच वाटते, आणि क्षणभर दुसरीकडे पाहून नजर परत आणावी तर वीतभर खाली आलेला असतो. कॅलेंडरचा खिळा, आईच्या चष्म्याचे घर, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल असे करत तो टेबलावर पोहोचतो. डिंकाच्या डबीच्या झाकणावर वाळलेले थर त्यात पिवळसर, जवळजवळ पारदर्शक दिसतात. पेल्यातल्या ब्रशांच्या सावल्या लांब होतात. मग तो उघड्या पुस्तकाच्या पांढऱ्या जोडपानावर येतो, आणि तिथे त्याला करण्यासारखे काहीच उरत नाही. कोऱ्या कागदावर उजेड पडला की कागद अधिकच कोरा दिसतो.

त्या सकाळी मी हे सगळे पाहत बसलो होतो, कारण ताई अजून झोपली होती आणि मी तिच्या उठण्याची वाट पाहत आहे हे मला कोणाला दिसू द्यायचे नव्हते.

आईला ते दिसलेच. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवत ती म्हणाली की पुस्तक पळून जाणार नाही, आणि ताईही आज पळून जाणार नाही, तेव्हा मी आधी दात घासले तरी चालेल.

ताई थोड्या दिवसांसाठी आली होती. भावोजींना समुद्रापलीकडच्या एका शहरात नोकरी मिळाली होती, आणि या भेटीनंतर ती दोघे तिकडे जाणार होती. पुढचे येणे कधी, हे कोणी विचारत नव्हते. आई शेजाऱ्यांना सांगताना ‘जरा लांब’ एवढेच म्हणायची, जणू ताई बसचे दोन थांबे पुढे राहायला चालली होती. मी काहीच म्हणत नव्हतो. मी मुळातच कमी बोलतो. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगे घासण्याचे काम मी करतो, आणि ते मला आवडते त्याचे एक कारण म्हणजे यंत्राच्या आवाजात कोणी बोलायला येत नाही. ताई मला लहानपणापासून घुम्या म्हणते.

पुस्तक मूळचे शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीचे. ताई कॉलेजात असताना जुन्या कागदांच्या दुकानातून आम्ही ते वजनावर आणले होते. जाड पुठ्ठा, मजबूत शिवण, आत यंत्रांच्या पोटाच्या रेखाकृती. आम्हाला ते वाचायचे नव्हते. त्याच्या पानांवर आमची पाने करायची होती. अशा पुस्तकाची आधी तयारी करावी लागते. मधूनमधून काही पाने मुळापासून कापून काढायची, म्हणजे पुढे कितीही चिकटवाचिकटवी झाली तरी पुस्तक फुगून आ वासत नाही. उरलेल्या पानांतली तीन-तीन, चार-चार एकमेकांना चिकटवून त्यांचे एक जाड पान करायचे. त्यावर पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात द्यायचा, इतका पातळ की खालची छापील अक्षरे नीट पाहिली तर धुक्यातून दिसावीत. मग समोरासमोरची दोन पाने मिळून एक चित्र करायचे. त्याला आम्ही जोडपान म्हणायचो.

पहिला रंग ताईचा. ही आमची पद्धत होती आणि ती कधी ठरवली हे दोघांनाही आठवत नव्हते. ब्रश तिचा, कात्री माझी. ती रंग लावायची आणि तो ओला असेतो पान तिचे असे; पुस्तक बंद करायचे झाले तर पाने चिकटू नयेत म्हणून मध्ये बटर पेपर घालणेही तिचेच काम. रंग वाळला की माझे राज्य सुरू होई. मी टिश्यू पेपर चुरगळून चिकटवायचो, तिकिटांचे तुकडे, कापडाच्या कडा, भिंगे गुंडाळून येतात तो झिरझिरीत कागद. आरीने भोके पाडून दोरा ओवायचो. आणि शेवटी कापून काढलेल्या पानांतून शब्द शोधून ते एखाद्या कोपऱ्यात लावायचो. ‘घाई केल्यास टाका सुटतो’ हे आमच्या दुसऱ्या जोडपानावर आहे. ताई रोज चालताना कुठे ना कुठे ठेचकाळायची, म्हणून मी तिच्यासाठी ते लावले होते. तिने बदला म्हणून मला ‘आवाज न करणारे यंत्रही तपासून पाहावे’ हे शोधून दिले.

लग्नानंतर ती सुट्टीला यायची तेव्हा एखादे जोडपान व्हायचे. आता एकच उरले होते. मी ते केव्हाच तयार करून ठेवले होते, प्रायमर देऊन, वर बारीक पॉलिश पेपर फिरवून. फक्त तिने रंग लावायचा होता. तिच्याशिवाय मला पहिला रंग लावता येत नाही, हे मी आईला अनेकदा सांगितले होते आणि स्वतःला त्याहून अधिक वेळा. कोऱ्या पांढऱ्यावर मी ब्रश टेकवला की हात थांबतो. सुट्या कागदांवर मी प्रयत्न करीत असे, पण ते सरावाचे कागद; मी ते टोपलीत टाकून देत असे.

ताई उठली, पण टेबलाकडे आली नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि आईचे गुडघे हा तिच्या येण्याचा पहिला कार्यक्रम असतो. तिने आईला खुर्चीत बसवून पाय लांब करायला लावले, ती मोजत राहिली आणि आई मध्येच आकडे गाळून पुढे उड्या मारत राहिली. मग कोणाकोणाचे फोन आले. मग बॅगा. भावोजींनी फोनवरून सांगितले की वजनाची मर्यादा आहे. त्यावर ताई म्हणाली की मग तुम्ही थोडे बारीक व्हा. दुपारी ती पुन्हा झोपली. झोपेत तिचा चेहरा थकलेला दिसत होता, आणि मी ब्रश धुऊन पुन्हा पेल्यात ठेवले. ते आधीच स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. जाता-येता ती टेबलाजवळ थांबायची, पांढऱ्या पानावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, ‘करू हं.’ मी मान हलवायचो. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले की मी तिला स्पष्ट का सांगत नाही. मी म्हणालो, तिला वेळ नाही. आई म्हणाली, ‘तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि समोरच्यानं किल्ली शोधायची. हे बरंय तुझं.’

निघण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, ताईने केस वर बांधले, बाह्या दुमडल्या आणि खुर्ची ओढली. ‘चल घुम्या, कुठला रंग?’

मी सांगितले, तुला हवा तो.

‘नेहमीचंच उत्तर,’ ती म्हणाली.

तिने निळा घेतला, त्यात काळ्याचा अगदी थेंब आणि पुष्कळ पाणी. तिची रंग लावण्याची रीत मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि तरी ती मला प्रत्येक वेळी थोडी धोक्याची वाटते. ती कडेपासून सुरू करीत नाही. ब्रश भरून ती पानाच्या मधोमध टेकवते आणि मग तिथून बाहेर पळते. निळा डाव्या पानावर पसरला, मधल्या घडीत थोडा साठला, उजव्या पानावर ओघळला. तिने पुस्तक उचलून तिरके केले आणि ओघळाला वळण दिले. आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत होतो. कोणी बोलत नव्हते, आणि मला बऱ्याच दिवसांनी न बोलण्याचे ओझे वाटत नव्हते.

उजवे पान अर्धे झाले असेल तेव्हा भावोजींचा फोन आला. कुठलेसे कागद कुठल्या बॅगेत आहेत याचा शोध सुरू झाला. ताई हात पुसत आतल्या खोलीत गेली आणि तो शोध बराच लांबला. आईने ताटे काढली. टेबल एकच होते. मी रंगाचे झाकण लावले, ब्रश पाण्यात टाकले, पुस्तक बंद करून कपाटावर ठेवले आणि टेबल पुसले.

सकाळी पुस्तक उघडले नाही.

मी ते दोन्ही हातांत धरून उभा होतो. बाकीची पाने नेहमीसारखी सुटत होती, फक्त शेवटची दोन एकमेकांना अशी धरून बसली होती की कडेला नखही जाईना. ताई दात घासता घासता आली, तिने माझ्याकडे पाहिले, मग पुस्तकाकडे, आणि ती चूळ भरून परत आली.

‘बटर पेपर?’ तिने विचारले.

‘तो तू घालतेस.’

‘बंद कोणी केलं?’

रंग तिचा होता, म्हणून पेपर तिने घालायचा. पुस्तक मी बंद केले, म्हणून मी घालायचा. आजवर ओले पुस्तक मी कधी बंद केले नव्हते, कारण ओल्या पुस्तकाशी माझा संबंधच येत नसे. आईने भाजी चिरता चिरता ऐकले आणि शांतपणे म्हणाली, ‘दोघांनी मिळून एक कागद घालायचा राहिला. शाब्बास.’

ताई हसली. मला हसू आले नाही. आम्ही हेअर ड्रायर आणला. तिने गरम हवा धरली आणि मी रंगाची पातळ सुरी फटीतून आत सरकवत गेलो. ऊब लागली की रंग किंचित मऊ होतो, तेवढ्यात पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा ऊब द्यायची. अर्ध्यापर्यंत पाने चांगली सुटली. नंतर मधल्या घडीजवळ, जिथे निळा साठला होता, तिथे एक कोरडा आवाज झाला.

डाव्या पानाचा मोठा तुकडा प्रायमरसकट उजव्या पानाला चिकटून गेला होता. त्याच्या जागी खालचा जुना, पिवळट कागद उघडा पडला होता आणि त्यावरच्या छापील ओळी दिसत होत्या. उजव्या पानावर निळ्याचे वेडेवाकडे बेट, त्याच्या कडेला कागदाचे तंतू. तिने केलेल्या ओघळाचे ते वळण कुठेच उरले नव्हते.

मी म्हणालो की अजून वेळ आहे. प्रायमरचा एक हात देऊ, ड्रायरने वाळवू, तू पुन्हा रंग लाव. गाडी दुपारची आहे. मी एका दमात इतके बोललो, याचे मलाच नवल वाटले. ताईने ड्रायर बंद केला आणि त्याची वायर गुंडाळत राहिली.

‘नाही लावणार,’ ती म्हणाली.

‘थोडाच वेळ लागेल.’

‘वेळेचं नाही रे.’ तिने वायर पूर्ण गुंडाळली, टोक आत खोचले. ‘तुझे ते टोपलीतले कागद मी पाहिले. आईनं उचलून ठेवलेत. गादीखाली, इस्त्री केल्यासारखे.’

मी आईकडे पाहिले. आई भाजीकडे पाहत होती.

मी म्हणालो, तो नुसता सराव होता.

‘घुम्या, मला तुझ्यापेक्षा चांगला रंग लावता येतो म्हणून मी लावायचे, असं वाटतं तुला? तू ब्रश धरून तासन् तास बसायचास आणि मला भूक लागायची. म्हणून लावायचे.’ तिने ड्रायर टेबलावर ठेवला. ‘आणि मला बोलवायला पान कशाला लागतं? नुसतं ये म्हण ना.’

ये म्हटले आणि ती येऊ शकली नाही तर, एवढे एकच मनात आले आणि ते बोलण्यासारखे नव्हते. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, केस विस्कटले, आणि ती राहिलेली बॅग भरायला आत गेली.

दुपारी गाडी आली. आई जिना उतरून खाली आली. ताई तिला नको म्हणत होती आणि प्रत्येक पायरीला कुठला पाय आधी टाकायचा हेही सांगत होती. बॅगा मी ठेवल्या. निरोप घेताना काय म्हणायचे हे मी वर ठरवले होते, पण खाली आल्यावर मी फक्त विचारले की पाण्याची बाटली घेतली का. घेतली, ती म्हणाली. गाडी वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

त्यानंतर पुष्कळ दिवस पुस्तक टेबलावर उघडेच राहिले. मी कामावर जायचो, यायचो, जेवताना ते एका बाजूला सरकवायचो आणि जेवण झाले की परत मध्ये आणायचो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ ओरखडा पडलेले भिंग घेऊन आले आणि ते घासून मिळेल का असे विचारू लागले. मालकांनी त्यांना समजावले की ओरखडा काढायला गेले की भिंगाचा नंबरच बदलतो. तो तसाच ठेवून वापरा, थोड्या दिवसांनी डोळ्याला सवय होते. मला हे वर्षानुवर्षे माहीत होते. त्या दिवशी मात्र मी यंत्र थांबवून ते ऐकले.

घरी आलो तेव्हा आईने सांगितले की हे पुस्तक आता एक तर आवर, नाही तर त्याचे काही तरी कर, कारण त्याच्याभोवती टेबल पुसून तिची कंबर धरली आहे. मी हातपाय धुतले आणि बसलो.

फाटलेल्या जागेवरच्या ओळी मी प्रथमच वाचल्या. यंत्र बराच काळ बंद राहिल्यास तेल घट्ट होते. अशा वेळी जोर न लावता चाक हाताने हळूहळू फिरवून मोकळे करावे, असे तिथे लिहिले होते. त्यावर पुन्हा पांढरा द्यायचा नाही, एवढे मी ठरवले. बाकी काही ठरवले नव्हते. पिवळट कागदाला मिळता रंग शोधता शोधता मी विटकरीत पिवळा मिसळला, पाणी घातले, तो फारच पातळ झाला, पुन्हा रंग घातला. ब्रश भरला. हात नेहमीसारखा थांबला. मी तो तसाच थांबू दिला, आणि ब्रशच्या टोकावरचा थेंब जड होऊन आपणच पानावर पडला.

मग त्याला कुठे तरी न्यावेच लागले. मी तो फाटलेल्या कडेने नेला, तंतूंच्या आतून, निळ्याच्या बेटापर्यंत, आणि विटकरी व निळा जिथे भेटले तिथे एक मळकट, जांभळट करडा तयार झाला, जो मी कधी मिसळू शकलो नसतो. पहिला हात वाळल्यावर त्यावर पांढऱ्याचा अगदी पातळ पडदा ओढला. एका जागी तो जाड झाला. ओल्या चिंधीने पुसला, आणि पुसल्याची खूण राहिली ती राहू दिली. पुढच्या संध्याकाळी फाटलेल्या कडेला आरीने भोके पाडून दोरा ओवला, कड शिवून बंद करण्यासाठी नव्हे, तर ती कुठवर गेली आहे हे दिसावे म्हणून. छापील ओळींतली ‘हाताने हळूहळू’ एवढीच अक्षरे उघडी ठेवली. दर वेळी पुस्तक बंद करताना मध्ये बटर पेपर घातला. शब्द शोधायला पूर्वी कापून ठेवलेली पाने काढली होती, पण आणखी शब्द लागले नाहीत.

आई चष्मा लावून आली. ती चित्रांवर बोलत नाही; कपडा पारखावा तसे बोटांनी पारखते. दोऱ्यावरून तिने बोट फिरवले, निळ्याच्या कडेवरून, पुसल्याच्या खुणेवरून.

‘हे पण टोपलीतच टाकणार का?’ तिने विचारले. ‘नाही, म्हणजे मला आधी सांग. गादीखाली आता जागा नाही.’

मी म्हणालो की हे पुस्तकातच आहे, टाकणार कसे. आणि तसेही त्यातला निळा ताईचा आहे, खरे काम त्या निळ्याचेच आहे, फाटण्याची रेघ तर आपोआप आलेली, मी फक्त आजूबाजूला थोडे भरले. आईने चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला आणि ती झोपायची तयारी करायला गेली.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. तिच्या मागे उघडी खोली दिसत होती, भिंतीला टेकवलेली खोकी, पडदा नसलेली खिडकी. तिने आधी गुडघ्यांची चौकशी केली, आई आकडे गाळत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग पान दाखव म्हणाली. मी फोन पुस्तकावर धरला. थोड्या वेळाने मी तिचा चेहरा पाहायला फोन वळवला, तर ती रागावली की हलवू नकोस, पाहतेय ना.

‘हा विटकरी कुठून काढलास?’ तिने विचारले.

मी सांगू लागलो की तुझ्या निळ्यामुळेच तो तसा—

‘माझ्या निळ्याला मध्ये आणू नकोस. तो तिथं चिकटून राहिलाय नुसता.’ ती हसत होती, पण आवाज थोडा ओला होता. ‘कसं झालंय, ते सांग. तू सांग.’

मी म्हणालो, ठीक आहे.

‘ठीक म्हणजे?’

मी पुन्हा पानाकडे पाहिले. ताई तिकडे थांबली होती, घाई करीत नव्हती. इतके दिवस मी ते पान तिचे, निळ्याचे, ओल्या रंगाचे, फाटण्याचे, कोणाचेही म्हणायला तयार होतो. ते मी एकट्याने केले होते, आणि ते चांगले झाले होते.